अंगणापर्यंत गेलेली शाळा : ताराबाई मोडक

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत पूर्वसूरींचे स्मरण करण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. संस्थापकांची छायाचित्रे, मुख्याध्यापकांचे कार्यकाल, गुणवंतांच्या नामावली हे सारे या अंकात यथास्थित आलेच आहे. त्या मालिकेत आपल्या शाळेत कधीही पाऊल न ठेवलेल्या एका स्त्रीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, आपल्या शाळेच्या बालवर्गात आज जे मूल गाणी म्हणत, मातीत हात घालत, न घाबरता बसलेले दिसते, त्याच्या त्या निर्भयतेमागे या स्त्रीचे आयुष्यभराचे श्रम आहेत. शिवाय, परप्रांतात मराठीचा दिवा तेवत ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यांचे जीवन विशेष जवळचे वाटावे असे आहे. या मराठी विदुषीच्या कार्याची खरी घडण गुजरातच्या भूमीवर झाली आणि त्यांनी लेखणी प्रथम गुजराती वाचकांसाठी झिजवली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई हे प्रार्थना समाजाच्या परिवारातले. त्यामुळे मुलींच्या शिक्षणाला नाके मुरडणाऱ्या त्या काळात या घरात मुलीने शिकावे याबद्दल वाद नव्हता. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. शतकापूर्वी एका सुशिक्षित ब्राह्मण स्त्रीने, पदरी लहान मुलगी असताना, एकटीने उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना आज करता येणेही अवघड आहे. ताराबाईंनी मात्र आपल्या दुःखाचे भांडवल कधी केले नाही. राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले आणि त्या कामाला लागल्या.

मानाची, चांगल्या वेतनाची ती नोकरी होती. ती सोडण्याचे कारण घडले भावनगर. तेथे नानाभाई भट्ट यांनी दक्षिणामूर्ती ही संस्था उभी केली होती आणि तिच्या छायेत १९२० मध्ये गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर उघडले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या चिंतेतून त्यांच्या हाती मादाम मॉंटेसरींचे विचार आले आणि त्यांनी वकिली सोडून दिली. मुले त्यांना इतकी बिलगत की गुजरातेत ते मिशीवाली आई म्हणून ओळखले जाऊ लागले. तेथे छडी नव्हती, पाठांतराचा घोष नव्हता, पहिला-दुसरा नंबर नव्हता. ताराबाईंनी हे पाहिले आणि प्राचार्यपद सोडून त्या तुटपुंज्या मानधनावर या बालमंदिरात दाखल झाल्या.

भावनगरची ती आठ-नऊ वर्षे हा त्यांच्या जीवनाचा पाया होय. मॉंटेसरी पद्धतीचे तत्त्व दोघांनी मनापासून स्वीकारले. तिची नक्कल मात्र केली नाही. गोष्ट, गाणे, नाट्य, लोककथा, सण यांना त्यांनी बालमंदिरात मानाचे स्थान दिले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण-पत्रिकेतून आणि अनेक छोट्या पुस्तकांतून आईबापांना बालमनाची ओळख करून देण्याचे कार्य चालू झाले. ताराबाईंनी त्यासाठी गुजराती अशी आत्मसात केली की वाचकाला ती त्यांची मातृभाषाच वाटावी. परभाषेत जाऊन आपले काम रुजवणे आणि ते करताना स्वभाषेची ओढ कायम राखणे, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीला साधू शकतात, हे आपल्यासारख्यांनी त्यांच्याकडून शिकावे. कारण पुढे मुंबईस परतल्यावर त्यांनी हेच विचार मराठीत आणले. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले आणि त्यास जोडून बालशिक्षकांना घडवणारे अध्यापन मंदिरही चालू लागले. १९३९ मध्ये गिजुभाई अकाली निवर्तले. संघाचा सारा भार ताराबाईंच्या खांद्यांवर आला आणि तो त्यांनी वाहिला.

येथपर्यंतचे चरित्र एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञाचे चरित्र आहे. ते येथेच संपले असते तरी त्यांचे नाव आदराने घेतले गेले असते. परंतु याच टप्प्यावर त्यांच्या मनात एक बोच उत्पन्न झाली. बालमंदिरात येणारी मुले कोणाची होती? वकिलांची, डॉक्टरांची, व्यापाऱ्यांची, सरकारी नोकरांची. मॉंटेसरीची साधने सुबक होती, पण महाग होती. फी होती, गणवेश होता, आणि मुलाला वेळेवर आणून सोडणारे कोणीतरी घरात असणे गृहीत होते. ज्या मुलाचे बाप मजुरीला आणि आई दुसऱ्याच्या शेतावर, त्याच्यासाठी या बालमंदिराचे दार उघडे असूनही बंदच होते. त्याला कोणी हाकलले नव्हते. पण त्याला यायचे कसे, याचा विचारही कोणी केला नव्हता. दोन तपांचे आपले कार्य सुस्थितीतल्या घरांपुरतेच राहिले, ही जाणीव ताराबाईंनी स्वतःपासून लपवली नाही.

१९४५ मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी मुंबई सोडली. तेव्हाच्या ठाणे, आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. या कामी त्यांना लाभलेल्या सहकारी म्हणजे अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विवाह आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनी शिकून पुण्यात शिक्षिकेची नोकरी केली होती. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली आणि त्या बोर्डीला आल्या, त्या कायमच्याच.

बोर्डीत बालवाडी उघडली. परंतु ज्यांच्यासाठी ती प्रामुख्याने उघडली ती मुले आली नाहीत. दलित वस्ती गावापासून दूर होती आणि ते अंतर केवळ पावलांचे नव्हते. गावात शिवाशीव होती. वस्तीतल्या आयांना बालवाडीत बोलावले तर त्या मान खाली घालत; मूल पाठवीत नसत. अशा वेळी पुष्कळशा संस्था लोकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळ्या होतात. ताराबाईंनी दोष शाळेकडे घेतला. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, असे त्यांनी ठरवले.

मग साधनांची पेटी घेऊन शिक्षिका वस्तीत जाऊ लागली. कोणाच्या तरी घरापुढचे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना गोळा करायचे, त्यांची तोंडे धुवायची, केस विंचरायचे, नखे कापायची आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. आया आपली कामे करता करता दारातून पाहत. पाहता पाहता त्या जवळ येत आणि मूल कसे न्हाऊ घालावे, काय खाऊ घालावे, हे नकळत त्यांच्याही ओळखीचे होई. या उपक्रमाला नाव मिळाले अंगणवाडी. महागड्या साधनांची जागा शंख-शिंपल्यांनी, खड्यांनी, बियांनी, पानांनी, मातीने घेतली. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत हे समजण्यासाठी परदेशी लाकडी ठोकळेच हवेत असे नाही, हे त्या अंगणात सिद्ध झाले. साधन स्वस्त झाले म्हणून शिक्षण हलके झाले नाही, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. गरिबाच्या मुलाला जे द्यायचे तेही शास्त्रशुद्धच असले पाहिजे, याविषयी ताराबाईंचा आग्रह कडक होता.

१९५७ मध्ये हे कार्य बोर्डीहून जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले. भोवतालचा मुलूख वारली आदिवासींचा. जमीनदार आणि सावकार यांच्या वेठीखाली पिढ्यान्‌पिढ्या दबलेला, आणि १९४५ च्या वारली उठावाने नुकता कोठे ताठ उभा राहू पाहणारा हा समाज. पांढरपेशा माणूस दारात आला की येथली मुले पळून जात, ती उगाच नव्हे. त्यांची बोली वारली. पुस्तकातली मराठी त्यांना परकी. शिक्षिकांना प्रथम त्या मुलांचे शब्द कानात साठवावे लागले, मगच त्यांना काही सांगता आले. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हा अनुभव परप्रांतातील आपल्या पुष्कळ मुलांनाही आहे. म्हणून मुलाची बोली ही त्याची उणीव न मानता तीच पहिली पायरी मानण्याचे कोसबाडचे शहाणपण आपल्यालाही उपयोगी पडावे.

कोसबाडच्या परिसरात शाळेत न येणाऱ्या मुलांची कारणे ताराबाईंनी एकेक करून तपासली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत का येत नाही? तिच्या कडेवर धाकटे भावंड असते म्हणून. तिला एकटीला बोलावणे म्हणजे न बोलावण्यासारखेच. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली गेली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि मोठी मुलगी वर्गात. या योजनेला विकासवाडी म्हणत. मुलगी शिकू लागली, आणि तिच्या पाठोपाठ तिची भावंडेही आपोआप शाळेच्या सावलीत वाढू लागली. दुसरे मूल का येत नाही? ते गुरे राखते म्हणून. घरच्या मिळकतीत त्याचा वाटा असतो. तो बुडवून ते येणार नाही. तेव्हा शाळाच कुरणावर गेली. गुरे चरत आणि झाडाखाली मुले शिकत. ही कुरणशाळा. दिवसभर कामावर असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग भरले.

या सर्व प्रयोगांत एक समान सूत्र आहे. ताराबाईंनी कोणत्याही मुलाला आधी आपल्या चौकटीत बसण्याची अट घातली नाही. मुलाच्या मार्गात काय आडवे येते ते त्यांनी पाहिले आणि तेवढा अडथळा शाळेची रचना बदलून दूर केला. वेळ आडवी आली तर वेळ बदलली, जागा आडवी आली तर जागा. आज सर्वसमावेशक शिक्षण या भारदस्त नावाने ज्याची चर्चा होते, जात, गरिबी, भाषा वा अपंगत्व यांमुळे कोणतेही मूल वर्गाबाहेर राहू नये असा जो विचार मांडला जातो, त्याचे मर्म याहून वेगळे नाही.

१९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागे अनुताईंनी कोसबाडची धुरा १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, वाहिली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ताराबाई गेल्यावर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव पडले तेच, अंगणवाडी. देशभरात आज सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. काश्मीरपासून केरळपर्यंत, भाषा कोणतीही असो, हा मराठी शब्द गावोगावी रुळला आहे. परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाला याहून अधिक अभिमानाची गोष्ट कोणती असेल?

तथापि केवळ अभिमान पुरेसा नाही. अंगणवाडी या शब्दाबरोबर ताराबाईंचा तो कठोर आग्रहही सर्वत्र पोचला असे म्हणता येत नाही. पुष्कळ ठिकाणी ती खाऊ वाटण्याची जागा एवढीच उरली आहे, आणि तिच्या सेविकेला शिक्षिकेचा मान अद्याप मिळालेला नाही. दुसरीकडे, ज्यांना परवडते त्यांची बालमंदिरे पुन्हा एकदा फी, गणवेश आणि प्रवेशपरीक्षा यांच्या भिंतींआड गेली आहेत. ज्या दरीवर पूल बांधण्यासाठी ताराबाईंनी मुंबई सोडली, ती दरी बुजलेली नाही.

साठ वर्षे पुरी करणाऱ्या शाळेने आपण किती विद्यार्थी घडवले हे अवश्य मोजावे. तो आकडा अभिमानाचाच आहे. परंतु ताराबाईंचे चरित्र दुसराही एक हिशेब मांडावयास सांगते. या साठ वर्षांत आपल्या दारापर्यंत येऊनही आत न आलेली मुले कोण होती? जिना चढता येत नाही म्हणून, बोलताना अडखळते म्हणून, घरी मराठी धड बोलली जात नाही म्हणून, शुल्क झेपत नाही म्हणून, किंवा इतर मुलांसारखे शांत बसत नाही म्हणून जे मूल परत गेले, त्याचे नाव आपल्या कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही. ते आठवण्याचे काम शाळेच्या दप्तराचे नाही. ते आपले, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे आहे. आपल्याच गल्लीत, आपल्याच नात्यात असे एखादे मूल असेल. त्याच्या आईला शाळेत बोलावण्याआधी एकदा तिच्या अंगणापर्यंत जाऊन यावे. महोत्सवाच्या या वर्षात ताराबाईंचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग दिसत नाही.