५ केबी मेमरी, एक माणूस आणि तुमचा अडखळणारा गेम

माझ्या मामेभावाकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. त्यावर तो माइनक्राफ्ट खेळतो, आणि तेही शंभरेक मॉड्स लावून. गेम अडखळायला लागला म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन गेमला थेट ७ जीबी रॅम देऊन टाकली. जास्त दिली की जास्त पळेल, असा साधा हिशोब. झालं उलटंच. दर थोड्या वेळाने स्क्रीन गोठायची, माउससुद्धा हलेना. मी त्याला आकडा ४ जीबीवर आणायला लावला आणि गेम बऱ्यापैकी सुरळीत झाला. पण पठ्ठ्याला ते काही पटेना. कमी देऊन जास्त कसं पळतं?

याचं उत्तर द्यायला मला १९५७ मध्ये वारलेल्या एका माणसाची गोष्ट सांगावी लागली. तुमचा फोन, माझा लॅपटॉप, भावाचा गेम, हे सगळं ज्या आराखड्यावर चालतं त्याला त्याचं नाव आहे. जॉन फॉन नॉयमन.

बुडापेस्टचा मुलगा

जन्म २८ डिसेंबर १९०३, हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात. घरचं नाव यानोश. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर. १९१३ मध्ये त्यांना सरदारकी मिळाली आणि त्यातूनच पुढे नावात ते 'फॉन' आलं. लहान यानोशची स्मरणशक्ती अफाट होती. टेलिफोन डिरेक्टरीचं पान एकदा नजरेखालून घालायचा आणि पाहुण्यांसमोर नावं, नंबर घडाघडा म्हणून दाखवायचा, असं सांगतात.

त्याला गणित शिकायचं होतं. वडिलांना वाटलं, गणितावर पोट कसं भरणार? हा सीन आपल्याकडे घरोघरी होतो, त्यामुळे पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. तडजोड म्हणून पोराने झ्युरिकला केमिकल इंजिनिअरिंग घेतलं आणि त्याच वेळी बुडापेस्टमध्ये गणिताची पीएचडीही चालू ठेवली. १९२६ मध्ये दोन्ही हातात. मला एकाच डिग्रीत घाम फुटला होता.

१९३० मध्ये तो अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकवायला गेला. १९३३ मध्ये तिथल्या इन्स्टिट्यूट फॉर अॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये प्राध्यापक झाला. आइन्स्टाइनही तिथेच होते. त्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू घराण्यातला हा माणूस अमेरिकेतच राहिला आणि १९३७ मध्ये तिथला नागरिक झाला.

स्टेशनवरची भेट

दुसऱ्या महायुद्धात फॉन नॉयमन लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या कामात होते. प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी सारखा दाबला जावा म्हणून भोवतीची स्फोटकं कशी रचायची, याची गणितं ते करत. बॉम्ब कोणत्या शहरांवर टाकायचा हे सुचवणाऱ्या समितीतही ते होते. त्यांच्या आयुष्यातला हा भाग वगळून त्यांची गोष्ट सांगता येत नाही, कारण कॉम्प्युटरकडे ते वळले ते याच गणितांमुळे. ही आकडेमोड माणसांच्या हातून वेळेत होण्यासारखी नव्हती.

१९४४ च्या उन्हाळ्यात मेरीलँडमधल्या अॅबरडीन स्टेशनवर त्यांना हर्मन गोल्डस्टाइन नावाचा लष्करातला गणितज्ञ भेटला. गप्पांमध्ये त्याने सांगितलं की फिलाडेल्फियात एनिअॅक नावाचं एक इलेक्ट्रॉनिक यंत्र बनतंय. फॉन नॉयमन लगेच त्यात गुंतले.

एनिअॅकमध्ये सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या. वेग जबरदस्त. पण चालू कामासाठी त्याला लक्षात ठेवता यायचे फक्त २० आकडे, प्रत्येकी १० अंकी. आणि प्रोग्रॅम तर मेमरीत नसायचाच. तो असायचा केबल्समध्ये आणि स्विचेसमध्ये. नवं गणित द्यायचं तर माणसांनी वायरी उपसून पुन्हा जोडायच्या, आणि त्यात दिवसच्या दिवस जायचे. व्हॉट्सअॅप बंद करून कॅमेरा उघडायला फोनची मागची बाजू खोलावी लागली असती, तर कसं वाटलं असतं?

सगळ्यांना एकच खोली

एनिअॅक बनवणारे एकर्ट आणि मॉकली हे पुढच्या यंत्राचा, एडव्हॅकचा विचार करतच होते. फॉन नॉयमन त्या चर्चांमध्ये सामील झाले आणि १९४५ मध्ये त्यांनी १०१ पानांचा एक कच्चा अहवाल लिहिला. त्यातली मोठी कल्पना ऐकायला साधी वाटेल. प्रोग्रॅमच्या सूचनाही आकडेच आहेत. मग त्या आणि ज्यावर काम करायचं तो डेटा, दोन्ही एकाच मेमरीत ठेवा. काम बदलायचं? वायरींना हात लावू नका, मेमरीतले आकडे बदला.

आज आपण अॅप डाउनलोड करून दोन मिनिटांत वापरतो ते यामुळे. मॉड्स शक्य होतात तेही यामुळेच, कारण मशीनच्या दृष्टीने मॉड म्हणजे मेमरीत आलेले आणखी थोडे आकडे.

पण याची किंमत आहे. खोली एकच आणि राहणारे सगळे. गेमचा कोड, शंभर मॉड्सचा कोड, तुम्ही फिरताय त्या जगाचे तुकडे, चित्रं, आवाज, सगळ्यांना त्याच रॅममध्ये जागा हवी. मॉड वाढले की गर्दी वाढणारच.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. त्या अहवालावर नाव एकट्या फॉन नॉयमन यांचं होतं. गोल्डस्टाइनने तो बऱ्याच जणांना वाटला. एकर्ट आणि मॉकली दुखावले, आणि आधीच वाटल्या गेलेल्या या कागदांमुळे त्यांच्या पेटंटच्या आशेलाही धक्का बसला. त्यामुळे आपण इंजिनिअरिंगला 'फॉन नॉयमन आर्किटेक्चर' म्हणून जे पाठ करतो, त्या नावाखाली आणखी काही लोक दबलेले आहेत.

५ केबीत काय मावतं?

युद्धानंतर फॉन नॉयमन यांनी प्रिन्स्टनमध्ये स्वतःचं यंत्र बांधायला घेतलं. १९५२ मध्ये ते जाहीरपणे सुरू झालं. त्याची मेमरी होती १०२४ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिट्सचा. गुणाकार करून ८ ने भागा, ५१२० बाइट्स येतात. म्हणजे ५ केबी. तुमचा फोटो जाऊ द्या, त्यात एक व्हॉट्सअॅप स्टिकरही मावणार नाही अशी शक्यता जास्त.

ही मेमरी होती ४० ट्यूबमध्ये, जुन्या टीव्हीच्या पिक्चर ट्यूबच्या जातीच्या. काचेवर विजेचा ठिपका आहे की नाही, यावरून १ किंवा ०. ठिपका लगेच विरायचा, म्हणून तो पुन्हापुन्हा लिहावा लागायचा. गंमत म्हणजे तुमच्या फोनची रॅमही तशीच आहे. तिच्यातला चार्ज गळत राहतो आणि तो सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावा लागतो. वीज गेली की सगळं साफ.

या ५ केबीत हवामानाची गणितं झाली, हायड्रोजन बॉम्बची झाली. १९५३ मध्ये निल्स बॅरिचेली नावाच्या शास्त्रज्ञाने तिथेच आकड्यांचे 'जीव' सोडून ते कसे वाढतात, कसे बदलतात हे पाहिलं. रॅममध्ये वसवलेलं हे अगदी सुरुवातीचं जग म्हणायला हरकत नाही.

जागेची अशी चणचण असताना करायचं काय? आर्थर बर्क्स आणि गोल्डस्टाइन यांच्यासोबत १९४६ मध्ये लिहिलेल्या अहवालात फॉन नॉयमन यांनी याचा विचार आधीच केला होता. वेगवान मेमरी हवी तेवढी कधीच मिळणार नाही, म्हणून मेमरीच्या पायऱ्या करायच्या. सगळ्यात वर छोटी आणि वेगवान. तिच्याखाली मोठी पण हळू. त्याखाली आणखी मोठी, आणखी हळू. आत्ता लागणारं वर ठेवायचं, बाकीचं खाली.

आता भावाचा लॅपटॉप बघा. ८ जीबीपैकी ७ जीबी गेमला दिली. उरली १. त्यात विंडोज, ब्राउझर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसल्याने ग्राफिक्ससुद्धा. शिवाय दिलेल्या आकड्याच्या बाहेर जावा स्वतःसाठी आणखी थोडी जागा घेतेच. मग विंडोज काही सामान खालच्या पायरीवर, म्हणजे डिस्कवर ढकलतं. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी हळू. त्यात जावाची एक सवय आहे, नको झालेल्या वस्तू शोधून जागा मोकळी करायची. या साफसफाईला गार्बेज कलेक्शन म्हणतात. ती करताना जावा वापरात असलेल्या वस्तूंचा माग काढत मेमरीभर फिरते. त्यातली अर्धी मेमरी डिस्कवर गेली असेल, तर प्रत्येक वस्तूसाठी खाली उतरा, पुन्हा वर या. स्क्रीन गोठायची ती इथे.

म्हणून हे लक्षात ठेवा:

• ८ जीबीच्या मशीनवर निदान ३ जीबी सिस्टिमसाठी मोकळी सोडा. गेमला ४ पासून सुरुवात करा आणि लागलं तर अर्ध्या अर्ध्या जीबीने वाढवा.
• लाँचरमध्ये इन्स्टॉलेशन्स, एडिट, मोअर ऑप्शन्स इथे जावा आर्ग्युमेंट्स दिसतात. त्यात एक्सएमएक्स या अक्षरांपुढचा आकडा बदलायचा.
• गेममध्ये एफ३ दाबा. उजव्या कोपऱ्यात मेमरीची टक्केवारी दिसेल. ती सतत शंभराला टेकत असेल तर जागा कमी पडतेय. चढून पुन्हा बरीच खाली येत असेल तर पुरेशी आहे.
• फोनवर ८ अधिक ८ जीबी अशी जाहिरात दिसली तर दुसरे ८ म्हणजे स्टोरेजमधून उसने घेतलेले, खालच्या पायरीवरचे. त्यांच्या भरवशावर गेम घेऊ नका.

प्रिन्स्टन ते मुंबई

प्रिन्स्टनच्या यंत्राचे आराखडे इतरांना खुले होते. त्यावरून अनेक देशांत यंत्रं बांधली गेली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला टिफ्रॅक त्याच घराण्यातला. तो १९६० मध्ये सुरू झाला. त्याची मेमरी २०४८ शब्दांची, म्हणजे १० केबी. प्रिन्स्टनच्या बरोब्बर दुप्पट.

फॉन नॉयमन यांना मात्र ते पाहायला मिळालं नाही. १९५५ मध्ये त्यांना कॅन्सर असल्याचं कळलं. १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या हातून पदक घेतलं ते व्हीलचेअरवर बसून. मेंदू आणि कॉम्प्युटर यांची तुलना करणारी व्याख्यानं ते येल विद्यापीठासाठी लिहीत होते. ती अर्धवट राहिली आणि १९५८ मध्ये 'द कॉम्प्युटर अँड द ब्रेन' या नावाने छापली गेली, पत्नी क्लारा यांच्या प्रस्तावनेसह. एनिअॅकसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी क्लारा एक.

हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी त्यांचं डोकं साथ देईना. मुलगी मरीना भेटायला आली की ते तिला साधी गणितं विचारायला सांगत. सात अधिक चार, अशी. आपल्याला अजून जमतंय का, हे त्यांना बघायचं होतं. थोड्या वेळाने मरीनाला ते सहन झालं नाही आणि ती खोलीबाहेर गेली. ८ फेब्रुवारी १९५७ ला ते गेले. वय ५३.

भावाला हे सगळं सांगून झालं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं की पैसे साठवून आणखी ८ जीबीची पट्टी घ्यावी का. लॅपटॉपमध्ये स्लॉट रिकामा असेल तर जरूर घे, म्हटलं. तोवर ब्राउझरचे टॅब बंद कर. त्याने एकोणीस टॅब बंद केले आणि गेम सुरू केला. आकडा अजून ४ वरच आहे.