रक्तातील मद्याचे गणित मांडणारे विडमार्क

भंडारा : वैनगंगेच्या पात्रात सापडलेला मृतदेह असो वा महामार्गावर दगावलेला दुचाकीस्वार, मद्यप्राशनाचा संशय असल्यास शवविच्छेदनानंतर रक्ताची एक लहानशी बाटली मोहोरबंद होऊन नागपूरच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे रवाना होते. तेथून येणाऱ्या अहवालातील एका आकड्यावर मृताच्या वारसांचा विम्याचा दावा अडू शकतो. हा आकडा न्यायालयात पुरावा म्हणून उभा करण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात एका स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. त्यांचे नाव एरिक विडमार्क.

विडमार्क यांचा जन्म १८८९ मध्ये स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग येथे झाला. लुंड विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे ते तेथेच शरीर-रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. मद्यपी ओळखण्यासाठी तोवर डॉक्टर तोंडाचा वास, डोळ्यांची लाली आणि चालण्यातील तोल पाहत. एकाचे मत दुसऱ्याशी जुळेलच याची शाश्वती नसे.

१९२२ मध्ये विडमार्क यांनी सूक्ष्म चाचणीची पद्धत प्रसिद्ध केली. बोटाच्या टोकातून काढलेले रक्ताचे काही थेंब त्यासाठी पुरेसे होते. चंबूच्या बुचाला टांगलेल्या चिमुकल्या वाटीत रक्त ठेवायचे, तळाशी गंधकाम्लातील डायक्रोमेट ठेवायचे आणि चंबू तापवायचा. रक्तातील मद्य वाफ होऊन खाली उतरे आणि डायक्रोमेट खर्ची पडे. उरलेले डायक्रोमेट मोजले की मद्याचे प्रमाण कळे. पद्धत सोपी होती, मात्र तिच्यात एक उणीव होती. ॲसिटोनसारखे अन्य बाष्पशील पदार्थही तिला मद्यच वाटत. गंमत अशी, की विडमार्क यांचे सुरुवातीचे संशोधन ॲसिटोनवरच होते.

मद्य शरीरात कसे पसरते आणि तासागणिक किती उतरते, याचे सूत्र त्यांनी स्त्री-पुरुषांवरील प्रयोगांतून बसवले. त्याविषयीचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९३२ मध्ये निघाला. पुरुषांसाठी सरासरी ०.६८ आणि स्त्रियांसाठी ०.५५ हे त्यांचे गुणांक आजही न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत आढळतात. नॉर्वेने १९३६ मध्ये आणि स्वीडनने १९४१ मध्ये वाहनचालकांसाठी रक्तातील मद्याची मर्यादा कायद्याने ठरवली. १९४५ मध्ये विडमार्क यांचे निधन झाले.

त्यांचे सूत्र मात्र जिवंत देहासाठी होते. मृत्यूनंतर यकृताचे काम थांबते, जंतूंचे थांबत नाही. यीस्ट आणि काही जिवाणू देहातील साखरेपासून मद्य तयार करतात. न प्यायलेल्या माणसाच्या कुजू लागलेल्या रक्तातही त्यामुळे मद्य सापडू शकते. आपल्याकडे वाहनचालकांसाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे. असे मरणोत्तर मद्य कधी कधी तीही ओलांडते. उलट बूच सैल राहिले की खरोखर प्यायलेले मद्यही उडून जाते. म्हणूनच नमुन्यात सोडियम फ्लुओराइड घालून जंतूंना आवर घालावा लागतो, बाटली घट्ट बंद करून शीतकपाटात ठेवावी लागते. विदर्भातील मे महिन्यात उघड्यावर राहिलेल्या बाटलीचे काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दारूबंदी कायद्याखालील १९५९ च्या नियमांनी जिवंत आरोपीची याबाबत बरीच काळजी घेतली आहे. रक्त काढताना त्वचा स्पिरिटने पुसायची नाही, बाटलीत परिरक्षक घालायचे आणि नमुना ७ दिवसांत तपासणी अधिकाऱ्याकडे पोहोचवायचा, असे बंधन आहे. पण हे नियम मृतांसाठी लिहिलेले नाहीत. मृताच्या बाबतीत शंका आल्यास नेत्रगोलातील द्रवाची तपासणी उपयोगी पडते. तेथे जंतू उशिरा पोहोचतात. हा द्रव आणि रक्त यांतील आकडे जुळले नाहीत, तर मद्य प्यायलेले की मागाहून तयार झालेले, याचा शोध घेता येतो. त्यासाठी तो द्रव शवविच्छेदनाच्या वेळीच काढून ठेवावा लागतो. अंत्यसंस्कारानंतर वारसांच्या हाती केवळ रक्ताच्या त्या एका बाटलीचा आकडा उरतो.