फ्रेडरिक डग्लस व त्यांची कन्या रोझेटा

अमेरिकेंतील गुलामगिरीची हकीकत ज्यांच्या कानांवर थोडीबहुत आली आहे, त्यांस फ्रेडरिक डग्लस हें नांव अगदींच अपरिचित नसेल. गुलामगिरींतून निसटून आलेला, पुढें नामांकित वक्ता व ग्रंथकार झालेला आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्याशीं समोरासमोर बसून बोललेला असा हा पुरुष. त्यांच्या व्याख्यानांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. येथें त्यांच्या चरित्रांतील जो भाग सांगावयाचा आहे तो घरगुती आहे. परंतु ज्यांस आपलीं लेंकरें गांवच्या शाळेंत घालावयाचीं आहेत, त्यांस तो वक्तृत्वापेक्षां अधिक जवळचा वाटेल.

सन १८१८ मध्यें मेरीलंड प्रांतांतील टॉलबट परगण्यांत एका गुलाम बाईच्या पोटीं या मुलाचा जन्म झाला. जन्मतिथि कोणीं लिहून ठेविली नाहीं. आई हॅरिएट बेली हिला बारा मैलांवरील एका मळ्यावर कामास लाविलें होतें व मूल आजीपाशीं होतें. दिवसभर शेतांत राबून, रात्रीं पायीं चालत येऊन, ती मुलाला कुशींत घेऊन निजवी, आणि त्याला जाग येण्यापूर्वीं परत निघून जाई. अशा भेटी सगळ्या मिळून चार-पांचच झाल्या. मुलगा सुमारें सात वर्षांचा असतां ती वारली.

पुढें त्याला बाल्टिमोर शहरीं, धन्याच्या नातलगांकडे पाठविण्यांत आलें. घरची बाई सोफिया ऑल्ड ही पवित्र शास्त्र मोठ्यानें वाचीत असे. तें ऐकून, आपणांसहि वाचावयास शिकवावें अशी त्यानें विनंति केली. तिनें मुळाक्षरें शिकविलीं, तीन-चार अक्षरांचे शब्दहि शिकविले. इतक्यांत नवऱ्याला तें कळलें. गुलाम वाचूं लागला कीं तो गुलाम म्हणून कामाचा राहात नाहीं, असें सांगून त्यानें शिकवणें बंद करविलें. मुलगा जवळच उभा होता. शिक्षणाची किंमत काय आहे, हें त्याला त्या दिवशीं त्याच्या धन्यानेंच पटवून दिलें असें म्हणावें लागेल.

आतां गुरु कोठून आणावा? त्या गल्लींत गोऱ्या लोकांचीं पोरें खेळत. तीं गरिबांचीं होतीं, आणि त्यांतील कित्येकांस घरीं पोटभर मिळत नसे. ऑल्ड यांच्या घरीं मात्र पावाला तोटा नव्हता. फ्रेडरिक कामावर बाहेर पडतांना खिशांत पाव घेई, आणि भेटेल त्या पोराला तुकडा देऊन त्याच्याकडून नवे शब्द शिकून घेई. जहाजें बांधण्याच्या कारखान्यांत सुतार लांकडांवर खुणेचीं अक्षरें लिहीत. तीं पाहून तो लिहावयास शिकला; भिंती व कुंपणें ही त्याची पाटी झाली. सुमारें बारा वर्षांचा असतां त्यानें स्वतः मिळविलेले पन्नास सेंट देऊन निवडक भाषणांचें एक पुस्तक विकत घेतलें. पुढें मोठेपणीं त्यानें आत्मचरित्र लिहिलें, त्यांत या पोरांची कृतज्ञतेनें आठवण केली. पण त्यांचीं नांवें छापलीं नाहींत. गुलामाला अक्षर शिकविणें हा तेथें अपराधच समजला जाई, आणि त्या बिचाऱ्यांस त्रास होऊं नये एवढीच त्याची इच्छा होती. उपाशी गोरें पोर आणि धन्याचा पाव खिशांत असलेला काळा गुलाम, अशी ती शाळा होती. तींत कोण कोठें बसावें असा प्रश्न कधीं निघाला नाहीं.

मोठ्या माणसांचें मन निराळें असतें. पुढें सेंट मायकल्स गांवीं त्यानें एका भल्या गोऱ्या तरुणाच्या साह्यानें काळ्या मुलांसाठीं शब्बाथ-शाळा सुरू केली. ती मोडावयास हातांत सोटे घेऊन जे लोक आले, त्यांत मेथडिस्ट मंडळीचे पुढारी होते. हें लिहितांना लाज वाटते, पण झालें तें असें झालें.

३ सप्टेंबर १८३८ रोजीं तो खलाशाचा वेष करून, दुसऱ्याचा दाखला खिशांत घालून, आगगाडीनें बाल्टिमोरहून निसटला. वाटखर्चाची सोय ॲना मरे हिनें केली. ही स्वतंत्र काळी स्त्री लोकांच्या घरीं कामाला राहून चार पैसे शिलकीस टाकीत असे. त्याच महिन्याच्या १५ तारखेस न्यूयॉर्क येथें दोघांचा विवाह झाला, आणि न्यू बेडफर्ड गांवीं त्यांनीं बिऱ्हाड केलें. पाठलाग चुकविण्यासाठीं त्यानें डग्लस हें नवें आडनांव तेथेंच घेतलें. तेव्हां येथून पुढें आपणहि त्यांस त्याच नांवानें व मानानें संबोधूं.

२४ जून १८३९ रोजीं त्यांस पहिली कन्या झाली, ती रोझेटा. बाप गोदीवर हमाली करी, कोळसा उचली, मिळेल तें काम करी. सन १८४१ मध्यें नँटुकेट बेटावरील एका सभेंत ते प्रथम गोऱ्या श्रोत्यांपुढें बोलले, आणि त्यानंतर बोलणें हेंच त्यांचें काम झालें. सन १८४५ मध्यें आत्मचरित्र प्रसिद्ध होतांच, जुना धनी पकडून नेईल या भयानें त्यांस विलायतेस जावें लागलें. मागें ॲनाबाई लिन गांवीं जोडे शिवून मुलांस पोशीत होत्या. रोझेटाला ऑल्बनी शहरांतील अबिगेल व लिडिया मॉट या क्वेकर स्त्रियांकडे शिकावयास ठेविलें होतें. विलायतेंतील मित्रांनीं दीडशें पौंड भरून डग्लस यांची सुटका विकत घेतली, तेव्हां कोठें ते सन १८४७ मध्यें निर्भय होऊन परतले. नंतर त्यांनीं रॉचेस्टर शहरीं आपलें वर्तमानपत्र काढलें व कुटुंब तेथें आणिलें.

रॉचेस्टर हें उत्तरेकडचें शहर. तेथें गुलामगिरी नव्हती. डग्लस यांचें स्वतःचें घर होतें व त्यावरील कर ते भरीत. परंतु त्याच कराच्या पैशांतून चालणारी जवळची शाळा त्यांच्या मुलांस बंद होती. काळ्या मुलांनीं शहराच्या दुसऱ्या टोंकास, त्यांच्यासाठीं म्हणून काढलेल्या हलक्या प्रतीच्या शाळेंत जावें, असा नियम होता. डग्लस यांनीं तो मानला नाहीं. सन १८४८ मध्यें त्यांनीं नऊ वर्षांच्या रोझेटाला सेवर्ड सेमिनरी नांवाच्या, फी घेणाऱ्या खासगी कन्याशाळेंत घातलें. मुख्य शिक्षिका मिस ट्रेसी यांनीं तिला घेण्याचें कबूल केलें, आणि बाप निश्चिंत मनानें क्लीव्हलंड येथील एका परिषदेस गेला.

परत आल्यावर त्यांनीं मुलीला शाळा कशी आहे म्हणून विचारलें. तिच्या डोळ्यांत पाणी आलें. ती काळी म्हणून तिला दुसऱ्या मुलींच्या खोलींत बसूं देत नाहींत, एकटीलाच निराळ्या खोलींत ठेवितात, असें तिनें सांगितलें. आपल्या वाचकांपैकीं ज्यांनीं लहानपणीं शाळेच्या ओट्यावर बसून, आंतील पंतोजींचा शब्द कान देऊन ऐकला असेल, त्यांस या मुलीचें रडणें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

डग्लस तडक शाळेंत गेले. मिस ट्रेसी यांनीं पालकांवर बोट ठेविलें. आपला नाइलाज आहे, शाळेचें नुकसान होईल, असें सांगितलें. मग त्यांनीं हा प्रश्न मुलींपुढेंच ठेविला. बाईंच्या बोलण्यावरून त्यांचें स्वतःचें मत काय आहे तें मुलींस कळलेंच असेल. तरीहि त्यांतील एकीनेंहि हरकत घेतली नाहीं. रोझेटानें कोणाजवळ बसावें, असें विचारतांच ज्या त्या मुलीनें आपल्याच शेजारीं जागा देऊं केली. येथें गोष्ट संपावयाची. पण बाईंनीं पालकांचीं मतें मागविलीं. सर्व पालकांत एकानेंच नकार कळविला. तो वॉर्नर नांवाचा गृहस्थ त्याच शहरांतील एका वर्तमानपत्राचा संपादक होता. त्या एका नकारावर रोझेटाला शाळेंतून काढण्यांत आलें.

डग्लस यांनीं त्या गृहस्थास उद्देशून, त्याचें नांव घालून, एक लांबलचक पत्र सप्टेंबर १८४८ मध्यें आपल्या पत्रांत छापलें. काढून टाकल्यापासून पांच तासांच्या आंतच दुसऱ्या एका चांगल्या शाळेनें आपल्या मुलीला आनंदानें घेतलें, व तेथें ती गोऱ्या मुलींतच बसते, हें त्यांनीं त्यांत मुद्दाम कळविलें. पत्र तिखट आहे. बापाच्या लेखणीला धार चढली यांत नवल नाहीं. नवल वाटतें तें पुढच्या वर्तनाचें.

कारण मुलीची सोय आतां झाली होती. पुढें घरीं शिकविण्यास मिस थेअर नांवाची बाईहि त्यांनीं ठेविली. एवढ्यावर थांबले असते तर त्यांस कोणीं दोष दिला नसता. आपल्यांत ज्याची थोडी बरी स्थिति येते तो बहुधा येथेंच थांबतो. तो आपलें मूल उचलून चांगल्या शाळेंत नेतो, आणि मागें राहिलेल्या शाळेचें काय झालें याची विचारपूस करीत नाहीं. परंतु त्या शहरांतील इतर काळे लोक हजामत करणारे, खानावळींत वाढणारे, धुणीं धुणारे असे होते. त्यांनीं फी कोठून द्यावी, आणि घरीं शिक्षिका कोठून ठेवावी? सर्वांच्या पैशाची शाळा सर्वांस उघडी झाल्यावांचून त्यांच्या मुलांस वाट नव्हती. म्हणून डग्लस शिक्षणमंडळापुढें गेले. एकदां सांगून भागलें नाहीं. ते पुन्हां पुन्हां बोलले, पुन्हां पुन्हां लिहीत राहिले. मध्यंतरीं सन १८५० मध्यें बॉस्टन शहरांत सारा रॉबर्ट्स नांवाच्या काळ्या मुलीच्या बापानें चालविलेला असाच दावा तेथील वरिष्ठ न्यायालयानें फेटाळला. तरी पांच वर्षांनीं, सन १८५५ मध्यें, मॅसाच्युसेट्स प्रांतानें कायदा करून हा भेद काढून टाकला. रॉचेस्टर येथें सार्वजनिक शाळांचीं दारें सन १८५७ मध्यें सर्वांस उघडलीं. तोंपर्यंत रोझेटा अठरा वर्षांची झाली होती. बापानें झगडून उघडलेल्या त्या दारांतून आंत जाण्याचें तिचें वय निघून गेलें होतें.

आपल्या लेंकराला अशा झगड्याच्या तोंडीं द्यावें काय, हा प्रश्न सोपा नाहीं. एकट्या खोलींत बसली ती रोझेटा. बाप त्या वेळीं परगांवीं होता, आणि बहुतेक वर्षें तो परगांवींच असे. घर राखलें ॲनाबाईंनीं, आणि त्यांस स्वतःला वाचतां येत नव्हतें. त्यांस पत्रें व वर्तमानपत्रें वाचून दाखविण्याचें काम या मुलीकडे होतें. ती पुढें ओबर्लिन येथील तयारीच्या वर्गांत शिकली, शिक्षिका झाली, आणि सन १९०० मध्यें तिनें आठवणी लिहिल्या त्या बापाच्या नव्हेत, आईच्या.

आपल्या देशाशीं या हकीकतीचा एक धागा जुळतो. रोझेटाला शाळेंतून काढलें त्याच सन १८४८ मध्यें पुणें येथें जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा उघडली. सन १८७३ मध्यें त्यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें, तें काळ्या गुलामांस मुक्त केल्याबद्दल अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलेलें आहे.

डग्लस यांचें पुढील आयुष्य सुप्रसिद्ध आहे. दोन पुत्र यादवी युद्धांत लढले. स्वतः त्यांस मोठमोठे हुद्दे मिळाले व हैती देशीं ते अमेरिकेचे वकील म्हणून राहिले. २० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांचा अंत झाला, व त्यांस रॉचेस्टर येथेंच पुरण्यांत आलें. शाळांतील वर्णभेद देशाच्या घटनेविरुद्ध आहे असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें दिला, तो यानंतर एकोणसाठ वर्षांनीं, सन १९५४ मध्यें.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. सर्वांत धाकटी मुलगी ॲनी ही रॉचेस्टरच्या शाळा उघडल्या तेव्हां आठ वर्षांची होती. सन १८५९ च्या अखेरीस डग्लस यांस पुन्हां विलायतेस जावें लागलें. डिसेंबरांत या मुलीनें त्यांस पत्र लिहिलें. व्याकरण बरें चाललें आहे असें बाई म्हणतात, जर्मन भाषेचाहि अभ्यास चालू आहे, आणि शाळेंत म्हणून दाखविण्यासाठीं गुलामगिरीविरुद्धची एक कविता पाठ करीत आहें, असें तिनें कळविलें होतें. १३ मार्च १८६० रोजीं, अकरावें वर्ष पुरें होण्यास थोडे दिवस उरले असतां, ती वारली. बाप समुद्रापलीकडे होता. बातमी पोहोंचतांच तो घराकडे निघाला.