उपचाराला हक्क मिळवून देणारा माणूस

हेन्री ड्युनांट हे जिनिव्हाचे व्यापारी. १८५९ साली इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी उपचाराविना तडफडताना त्यांनी पाहिले. शेजारच्या गावातील बायांना सोबत घेऊन, शत्रू-मित्र न पाहता त्यांनी शुश्रूषा केली. पण एकट्याची दया किती पुरणार? १८६३ साली रेडक्रॉसची समिती स्थापन झाली. १८६४ च्या जिनिव्हा कराराने जखमी सैनिकावरील उपचार उपकार न राहता राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य ठरले. १८६७ साली ड्युनांट यांचे दिवाळे निघाले, संस्थेनेही त्यांना दूर केले. १९०१ चे पहिले शांतता नोबेल त्यांना विभागून मिळाले. १९१० साली ते गेले. १९१९ साली रेडक्रॉस संस्थांचा महासंघ झाला, स्वयंसेवक शांतताकाळातही रोगप्रतिबंधाला लागले. कार्यकर्त्यांनो, रुग्णसेवा जरूर करा. पण उपचाराचा हक्कही मागा.