नामदार गोपाळ कृष्ण गोखले

विद्यार्थिमित्रहो, आपला परभणी जिल्हा पूर्वीं निजामाच्या राज्यांत होता. येथील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांनीं लोकसभेसाठीं प्रथम मत दिलें तें १९५१-५२ च्या निवडणुकींत. त्याआधीं अर्धशतक इंग्रजी अमलांत लोकांचा प्रतिनिधि कसा निवडला जाई व तो काय करूं शके, हें नामदार गोखले यांच्या चरित्रावरून समजतें.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. वडील लवकर वारले. थोरले बंधु गोविंदराव यांनीं स्वतःचें शिक्षण सोडून नोकरी धरिली व दरमहा १५ रुपयांच्या पगारांतून ८ रुपये धाकट्या भावाच्या विद्येसाठीं पाठविले. १८८४ सालीं गोपाळराव बी. ए. झाले व पुढें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत अल्प वेतनावर शिकवूं लागले.

१९०१ सालीं सर फिरोजशहा मेहता यांनीं सोडलेल्या जागीं ते वरिष्ठ कायदेमंडळावर निवडून गेले. मतदार कोण? मुंबई कायदेमंडळाचे मूठभर बिनसरकारी सभासद! शिवाय वरिष्ठ मंडळांत सरकारचें बहुमत ठरलेलेंच असे. मतांची ही उणीव गोपाळरावांनीं अभ्यासानें भरून काढिली. मार्च १९०२ मधील अंदाजपत्रकावरील भाषणांत त्यांनीं सरकारचेच आंकडे घेऊन, शिल्लक दिसणारा पैसा गरीब रयतेवरील जादा करांचा आहे, हें सिद्ध केलें. मिठावरील कर तेव्हां मणामागें अडीच रुपये होता. तो १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. या यशांत त्यांच्या टीकेचा वाटा होता.

१९११ सालीं त्यांनीं प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडिलें. स्थानिक संस्थांना आपल्या हद्दींत ६ ते १० वर्षांच्या मुलांस शाळा सक्तीची करतां यावी, हा त्याचा हेतु. पराभव होणार हें ठाऊक असूनहि ते मागें हटले नाहींत. १९ मार्च १९१२ रोजीं तें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं त्यांचें पुण्यास निधन झालें.

परंतु तीं १३ मतें वायां गेलीं नाहींत. १९१८ सालीं विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें मुंबई इलाख्यांत नगरपालिकांना तो अधिकार मिळाला, आणि १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या मुलामुलींस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायद्यानें लाभला. भावाच्या आठ रुपयांवर शिकलेल्या त्या मुलानें इतरांच्या मुलांसाठीं ही वाट पाडिली. पालकहो, मत देतांना व मुलास शाळेंत धाडतांना त्यांचें स्मरण असावें.