उपाशी कोणाला म्हणायचं? पां. वा. सुखात्मे यांच्या आकड्यांची गोष्ट

सोमेश्वरनगरच्या कारखान्यासाठी उसाच्या फडात राबणारा मजूर आणि गावातला दुकानदार, दोघांना सारख्याच भाकऱ्या पुरतील का? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. पण जगात उपाशी किती हे मोजताना हीच साधी गोष्ट अडचणीची ठरते. तिचा हिशेब मांडण्यात साताऱ्याच्या एका माणसाने आयुष्य घालवलं.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म 27 जुलै 1911 चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकून ते लंडनला गेले आणि 1936 मध्ये संख्याशास्त्रात पीएचडी झाले.

परतल्यावर 1940 च्या दशकात ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत होते. तेव्हा पिकाचा अंदाज आणेवारीवर, म्हणजे नजरेवर चालायचा. सुखात्मेंनी चिठ्ठी टाकल्यासारखी शेतं निवडायची, त्यातल्या ठरावीक तुकड्यातलं पीक कापून वजन करायचं, ही पद्धत देशभर रुजवली.

पुढे ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि रोममध्ये संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. त्या काळी जगातली दोन तृतीयांश माणसं उपाशी असल्याचं बोललं जायचं. सुखात्मेंनी 1961 मध्ये वेगळा हिशेब मांडला. सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो, कारण कित्येकांची गरजच सरासरीहून कमी असते. माणसामाणसातला हा फरक धरला, तर पोटभर न मिळणारे 10 ते 15 टक्के निघतात. मात्र भूक किंवा निकस आहार यांचा फटका बसलेले निम्म्यापर्यंत असू शकतात, हेही त्यांनी सांगितलं. 1963 मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना गाय पदक दिलं, तर 1971 मध्ये भारत सरकारने पद्मभूषण.

खरा वाद पुण्यात परतल्यावर पेटला. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते आणि शरीर ठरावीक मर्यादेत स्वतःला सांभाळून घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून उपासमारीची रेषा सरासरीच्या बरीच खाली हवी. पण रेषा खाली आली की कागदावरचे उपाशीही घटतात! दारिद्र्यरेषेचे अभ्यासक वि. म. दांडेकरांनी याला कडाडून विरोध केला. कमी अन्नात निभावणं म्हणजे निरोगी असणं नव्हे, असं पोषणतज्ज्ञ सी. गोपालन बजावत होते. खुंटलेली मुलं त्याची किंमत मोजतात.

सुखात्मेंचा रोख मात्र अन्न कमी करण्याकडे नव्हता. घाण पाणी आणि सततचे जुलाब असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही, म्हणून स्वच्छ पाणीही हवं, हे ते सांगत राहिले.

28 जानेवारी 1997 रोजी ते गेले. अन्न व कृषी संघटना आजही कुपोषितांची संख्या काढते ती सरासरी गरजेवरून नव्हे, किमान गरजेवरून. त्या पद्धतीचं मूळ सुखात्मेंच्या हिशेबात आहे. आणि ही किमान रेषा नेमकी कुठे ओढायची, हा वादही अजून मिटलेला नाही.