कामगारांचा वकील : नारायण मेघाजी लोखंडे

रविवारची सुट्टी आपण सर्वजण हक्काची समजतो. विदर्भ मिलच्या पगारावर ज्यांचे संसार उभे राहिले, अशी घरे आपल्या अचलपुरातही आहेत. परंतु गिरणीकामगारांना ही सुट्टी मिळवून देणाऱ्या माणसाचे नाव क्वचितच कोणाच्या ओठी येते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा. रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करून ते मुंबईच्या एका गिरणीत स्टोअरकीपर झाले. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणारे स्त्री-पुरुष, मुले आणि रखडणारे पगार त्यांनी तेथे जवळून पाहिले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा संस्कार मनावर होताच. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ पत्राची धुरा उचलली.

१८८४ च्या सप्टेंबरात परळला कामगारांची सभा भरवून त्यांनी फॅक्टरी कमिशनसाठी अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० सह्या झाल्या. मागण्या मोजक्याच होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरलेले तास, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत आणि अपघात झाल्यास भरपाई. मालकाला पेलणार नाही असे त्यात काही नव्हते. म्हणूनच त्या मागण्या सहज धुडकावता येईनात.

त्यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’जवळ निधी नव्हता, वर्गणीदार सभासद नव्हते, लिखित नियमही नव्हते. ती खरी कामगार संघटनाच नव्हे, असा आक्षेप अभ्यासक घेतात व तो खोटा नाही. मग लोखंड्यांचा शब्द चालला कसा? गिरणीतली माहिती त्यांना पक्की होती आणि सहा वर्षे त्यांनी तोच धागा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

१८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा उसळला, तेव्हा सलोख्यासाठी ते पुढे सरसावले. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला.

उद्या आपल्यापैकी कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी कारखान्यात जाईल. तंटे तेथेही होतील. त्या वेळी आवाज चढवण्याआधी मागणी नेमकी कोणती, ती न्याय्य आहे का आणि मागे किती जण उभे आहेत, एवढे जरी आपण तपासले तरी लोखंड्यांचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.